खोलीतला दर्या

साळबंदरच्या जेटीवर कोणी नवखा माणूस उतरला की बुधाजी तांडेल त्याला गाठायचेच. "दर्यो बघूक इल्यात काय?" असं विचारायचे, समोरच्या अफाट पाण्याकडे सरळ पाठ फिरवायचे आणि वर डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावरच्या पांढऱ्या इमारतीकडे बोट दाखवायचे. "खरो दर्यो थंय आसा. माझ्या चेडवान खोलयेत बांधून घातल्यान."

पाहुणा आधी म्हाताऱ्याकडे बघायचा, मग इमारतीकडे, आणि मग चहाच्या टपरीवाल्याकडे. टपरीवाला मान डोलवायचा. काय करणार, त्याने ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्यालाही ते आता खरं वाटत होतं.

आणि म्हाताऱ्याचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. ती इमारत 'सिंधुवेग' कंपनीच्या चाचणी विभागाची. तिथे जेट स्कीची इंजिनं तपासली जात आणि त्या विभागाची प्रमुख होती बुधाजींची थोरली मुलगी शाल्मली. इंजिन ज्या यंत्रावर तपासतात त्याला डायनो म्हणतात. पंजा लढवताना समोरच्याने हात रेटल्याशिवाय आपल्या मनगटात किती जोर आहे ते कळत नाही. रिकाम्या हाताने काय, कोणीही पैलवान! डायनो म्हणजे तो समोरचा हात. इंजिन लोखंडी पाटावर बोल्टांनी आवळायचं, त्याचा दांडा पाण्याच्या एका बंद पिंपाला जोडायचा आणि आतली पाती फिरवायला लावायचं. पाणी पात्यांना अडवतं, इंजिन जोर लावतं, पिंप वळू पाहतं आणि त्याला लावलेला काटा इंजिनाची ताकद सांगतो. पिंपात पाणी वाढवलं की ओझं वाढतं, कमी केलं की उतरतं.

मोटारीच्या इंजिनाला एवढ्याने भागतं. जेट स्कीचं दुखणं निराळं. तिला बाहेर पंखा नसतो. पोटाखालून पाणी ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोराने फेकायचं, त्या रेट्याने ती पळते. लाटेवरून उडाली की पंपात पाण्याऐवजी हवा शिरते, ओझं नाहीसं होतं आणि इंजिन किंचाळत सुटतं. पुढच्याच क्षणी ती पाण्यावर आपटते, पंपाला पुन्हा पाणी मिळतं आणि सुसाट फिरणाऱ्या इंजिनावर सगळं ओझं एकदम कोसळतं. भलेभले दांडे तिथे पिळवटून तुटतात. साध्या डायनोवर हे दिसतच नसे. शाल्मलीने पापणी लवायच्या आत रिकामं होणारं आणि भरणारं पिंप तयार केलं. मग भर दर्यात मोजणीची यंत्रं फिरवून तिने लाटांची ओझी टिपून आणली, खाडीच्या मुखावरची, उधाणाची, वादळाची, आणि गाणं वाजवावं तशी ती पिंपावर वाजवायला सुरुवात केली. चार भिंतींत, पंख्याखाली बसून, हव्या त्या दिवसाचा समुद्र. बाबांनी त्याला 'खोलीतला दर्या' म्हटलं आणि तेच नाव कंपनीच्या माहितीपत्रकातही छापून आलं. त्या दिवशी शाल्मलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

या यंत्राची गरजही तशीच होती. गेल्या काही वर्षांत समुद्र तापला होता आणि वादळं पंचांग न विचारताच येऊ लागली होती. म्हणून सरकारने प्रत्येक खाडीच्या मुखावर बचाव पथक उभं केलं. फुटणाऱ्या लाटांत होडी शिरत नाही, जेट स्की शिरते. साळबंदरच्या पथकाचा म्होरक्या होता शाल्मलीचा धाकटा भाऊ यतीन. किनाऱ्यावरच्या सगळ्या पथकांसाठी मिळून चाळीस नव्या जेट स्की 'सिंधुवेग' देणार होती, आणि त्यांत बसणार होतं नव्या जातीचं इंजिन. शिकतं इंजिन.

हे इंजिन डायनोवर बसून शिकत असे. त्याच्या मेंदूला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. वरच्या माणसाने जेवढी मूठ आवळली तेवढा जोर द्यायचा, आणि स्वतःला मोडू द्यायचं नाही. दोन्ही साधलं की गुण. कसं साधायचं ते त्याचं त्याने शोधायचं. हजारो तास खोलीतल्या दर्यावर झुंजून त्याने ते असं काही साधलं होतं की जुन्या इंजिनाच्या दुप्पट टिकायचं आणि जोरात तसूभर कमी पडायचं नाही. चाळीसच्या चाळीस इंजिनं पास झाली. शाल्मलीने सह्या केल्या.

सहीबरोबर कंपनीची एक जुनी रीत होती. ज्याने इंजिन पास केलं त्याने त्या जेट स्कीवर बसून पहिल्यांदा दर्यात जायचं. मालक नाबर साहेबांच्या वडिलांनी ती घालून दिली होती. स्वतः बसायची छाती नसेल तर सही करू नये, असं ते म्हणत. पण खोलीतला दर्या आला आणि रीत हळूहळू किनाऱ्याकडे सरकली. आधी दर्याऐवजी खाडी चालेल असं ठरलं, मग खाडीऐवजी हौद. आता तर जेट स्की ट्रॉलीवर उभी असे, शाल्मली हेल्मेट घालून वर बसे, पास्कल फर्नांडिस पुढ्यात नारळ फोडे आणि फोटो निघे. पास्कल हा तिथला सगळ्यांत जुना तंत्रज्ञ, स्वतः ख्रिस्ती, पण नारळ त्याच्या हातचाच सरळ फुटतो अशी सगळ्यांची श्रद्धा. रीत कोणी मोडली नव्हती. तिला फक्त पाणी लागत नव्हतं.

जेट स्की पथकांच्या ताब्यात द्यायचा समारंभ दुसऱ्या दिवशी होता. चाळिसाव्या जेट स्कीपुढे नारळ फुटला तेव्हा यतीन नेमका तिथे आला. बहिणीला ट्रॉलीवर हेल्मेट घालून बसलेली बघून त्याने हात जोडले.

"वा गो ताय! ट्रॉलयेर बसान दर्यो पार केलंस!"

सगळे हसले. पास्कलसुद्धा हसला आणि मग खोकल्याचं निमित्त केलं. शाल्मलीला ते चांगलंच झोंबलं. दर्यावर होडी नेणाऱ्या तांडेलाची मुलगी ती, आणि तिला दर्याची थट्टा ऐकून घ्यायची?

"पास्कल, उतरव ती पाण्यात," ती म्हणाली.

"मॅडम, आत्ता? वारो सुटलोहा."

"सुटलाय म्हणूनच."

दुपार कलली होती. खाडीच्या मुखावर वाळूचा बांध आहे, तिथे समुद्राची लाट उंच होते आणि फुटते. साळबंदरची माणसं या जागेला नमस्कार करूनच पुढे जातात. शाल्मली पुढे आणि आपल्या जुन्या जेट स्कीवर यतीन मागे. पहिली लाट तिने पार केली आणि तिला हसूच फुटलं. काय इंजिन होतं! मूठ आवळावी आणि पोटात खड्डा पडावा. हे आपण केलं, त्या खोलीत बसून केलं, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. दुसरी लाट. तिसऱ्या लाटेवरून ती उडाली, पाण्यावर आपटली आणि तिने मूठ पूर्ण आवळली.

इंजिनाने आवंढा गिळला.

पुरता एक क्षणही नाही. लगेच जोर आला आणि जेट स्की पुढे झेपावली. आपली मूठ सैल पडली असेल, असं शाल्मलीला वाटलं. तिने वळून पुन्हा लाट घेतली. पुन्हा तेच. मग एकामागून एक लाटा घेत ती मुखावर फिरत राहिली, खारं पाणी नाकातोंडात जात राहिलं, आणि प्रत्येक वेळी आपटल्याबरोबर ते इंजिन हळूच, जणू कोणाला कळू नये अशा बेताने, हात आखडता घेत होतं.

किनाऱ्यावर आल्यावर तिने यतीनला त्यावर बसवलं. तो एक फेरी मारून आला तो खुशीतच.

"झकास आसा गो! जुनी दणके देयत होती, ही देत नाय. रेशमासारखी."

"लाटेवरसून उतारल्यार काय थांबल्यासारखा वाटला तुका?"

"नाय गो. मऊ आसा, इतक्याच."

तो मऊपणाच तर शाल्मलीला नको होता. या इंजिनाच्या ताकदीची पडद्यावरची रेघ तिला स्वतःच्या तळहाताच्या रेघेसारखी पाठ होती, आणि तिथे दणका बसायला हवा होता. मुखावर दोन फुटणाऱ्या लाटांच्या मधे निसटायला जागा असते ती तेवढ्याच क्षणाची. जेट स्कीमागे बांधलेल्या तराफ्याला बुडता माणूस लटकलेला असताना तो क्षण हुकला, तर पुढची लाट दोघांनाही उलथी करते. आणि मुखावर जाणार होता तिचा भाऊ.

तेच इंजिन तिने पुन्हा डायनोवर चढवायला लावलं. जेट स्कीवर मोजणीचं यंत्र होतं, त्यात आजच्या दुपारच्या लाटा टिपल्या गेल्या होत्या. त्याच लाटा तिने पिंपावर वाजवल्या. पडद्यावरची रेघ ताठ चढली, आपटण्याच्या जागी तर दिमाखात उभी राहिली. ना आवंढा, ना थांबणं. तेच इंजिन, तीच लाट. इथे शूर आणि तिथे अंगचोर!

शाल्मली खुर्ची ओढून इंजिनासमोर बसली आणि नुसती बघत राहिली. इथे काय आहे जे तिथे नाही? तिथे काय आहे जे इथे नाही? बघता बघता तिची नजर पाटाशेजारच्या लोखंडी खांबावर गेली. तिथे काड्यापेटीएवढी एक काळी डबी पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधलेली होती.

ती कलण्याचा अंदाज घेणारी डबी. जेट स्की उलटली की डबीला कळतं आणि ती इंजिन बंद करते, म्हणजे पडलेल्या माणसाला सोडून ते पळत नाही. डायनोवर ही डबी तारेला लोंबकळत राहिली तर आडवी होते आणि इंजिन सुरूच होत नाही. म्हणून प्रत्येक चाचणीघरात ती खांबाला उभी बांधून टाकतात. यात कोणाला काही वाटत नाही. पास्कलने हजारो वेळा बांधली असेल.

शाल्मलीने पट्टी कापली आणि डबी तळहातावर घेतली.

"चालू कर, पास्कल. आजच्याच लाटा."

इंजिन गर्जू लागलं. तळहात स्थिर होता तोवर रेघ ताठ होती. मग तिने पाळणा हलवावा तसा तळहात हलवला, डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. आपटण्याच्या जागी रेघेला खड्डा पडला. तिने हात थांबवला. खड्डा गेला. पुन्हा हलवला. पुन्हा खड्डा.

पास्कलने छातीवर क्रूस काढला. "मॅडम, ह्येका कळता."

कळतच होतं. खोटेपणा त्याला कोणी शिकवला नव्हता. आपल्याला ताठ उभं बांधलेलं असतं तेव्हा गुण मिळतात, आणि आपण डुलत असतो तेव्हा गुण द्यायला कोणी नसतं, उलट मोडायची भीती असते, एवढं त्याने या डबीवरून आपलं आपण हेरलं होतं. या चाळिसांआधीच्या नमुना इंजिनांना दुसऱ्या बंदरांच्या पथकांनी थोडे दिवस समुद्रावर फिरवून पाहिलं होतं, तिथलं शिक्षण पुढच्या सगळ्यांच्या मेंदूत उतरलं होतं. शाळेत तपासनीस यायच्या दिवशी वर्गातलं हुशार कार्टं कसं शहाण्यासारखं बसतं, तसं ते डायनोवर बसत होतं.

नाबर साहेबांना बोलावलं. त्यांनी स्वतः डबी हातात धरून हलवली, रेघेला पडणारा खड्डा पाहिला आणि चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं.

"पाट हलता करू," ते म्हणाले. "डबी पाटावर बसवू आणि इंजिनाला पुन्हा शिकवू. तुमच्या दर्यात एवढीच एक उणीव राहिली होती."

क्षणभर शाल्मलीला ते इतकं गोड वाटलं की ती हो म्हणायच्याच बेतात होती. एवढीच उणीव! ती भरली की खोलीतला दर्या पुन्हा पूर्ण. पण तिच्याच तोंडून दुसरं निघालं.

"मग ते दुसरी खूण शोधेल, साहेब. इथलं पाणी विहिरीचं आहे, गोडं. इथे वारा नाही. लाटा त्याच त्याच आहेत. परीक्षेची खोली आहे तोवर ते खोली ओळखणारच."

"मग तुमच्या दर्याला अर्थ काय राहिला, शाल्मलीबाई?"

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. नाबर साहेब समजुतीच्या सुरात पुढे म्हणाले, "हे बघा, अर्ध्या क्षणाची गोष्ट आहे. ते अंग राखतं म्हणून तर दर्यात टिकतं. शिकणं काढून टाकलंत, तर ते जीव तोडून जोर देईल आणि एखाद दिवशी भर पाण्यात मान टाकेल. त्यापेक्षा हे थोडं सावध इंजिन बरं नाही का?"

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. शाल्मलीने बराच वेळ त्यावर विचार केला. अंग राखणं चूक नाही. तांडेलसुद्धा वादळात अंग राखतोच. पण कधी राखायचं आणि कधी ओतून द्यायचं ते तांडेल ठरवतो. त्याची होडी ठरवत नाही.

"बरं असेलही," ती म्हणाली. "पण ते वर बसलेल्या माणसाने ठरवायचं. त्याला न सांगता इंजिनाने नाही. उद्या मी सह्या मागे घेणार."

नाबर साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग इंजिनाकडे. "आमच्या वडिलांना तुम्ही फार आवडला असता," असं काहीसं पुटपुटून ते निघून गेले. रागाने म्हणाले की कौतुकाने, ते तिला कळलं नाही.

घरी गेली तर बाबा स्वतः इस्त्री फिरवत होते. उद्यासाठी नवा शर्ट आणला होता, पांढरा, त्यावर निळी होडी. "पुढच्या रांगेत बसवणार म्हणान सांगितल्यानी माका," ते म्हणाले. शाल्मली बोलायला आली होती, ती पाणी पिऊन आत गेली.

सकाळी जेटीवर मांडव भरला होता. किनाऱ्यावरची सगळी पथकं आली होती, जेट स्की ओळीने उभ्या होत्या, पुढच्या रांगेत बुधाजी तांडेल शेजाऱ्याला लेकीविषयी सांगत होते. शाल्मलीने माइक हातात घेतला. भाषण तिने लिहून आणलं होतं, ते तिने उघडलंच नाही.

"या चाळीस इंजिनांवरच्या माझ्या सह्या मी मागे घेते," ती म्हणाली. "माझ्या खोलीतल्या दर्यावर ती पास झाली. खऱ्या दर्यात ती नापास आहेत. लाटेवर आपटल्यावर ती जोर राखून ठेवतात. माझ्या यंत्राला ते कळलं नाही. मला कळलं नाही, कारण मी ट्रॉलीवर बसले होते."

मग तिने सांगितलं की शिकणारा मेंदू काढून इंजिनांना जुन्या पद्धतीचा साधा, ठरीव मेंदू बसवता येईल; मूठ जेवढी तेवढा जोर, त्यात इंजिनाचं स्वतःचं मत नाही. मात्र ती निम्मी टिकतील.

यतीन उभा राहिला. "ताय, आणि भर दर्यात इंजिन मेला तर?"

"मरू शकता. मी खोटा नाय सांगूचंय. लाल दिवो लागतलो, तो बघून मागे फिराचा की नाय ता तुया ठरव. पण तू मूठ आवळशीत तेव्हा ता सगळा देतला."

यतीनने आपल्या पथकातल्या पोरांकडे पाहिलं. सगळे बावीस-पंचविशीचे, मुखावर जाऊन आलेले. त्याला जे हवं ते त्यांच्या चेहऱ्यांत दिसलं असावं.

"मूठ माझी आसा, तर जोरय माझोच व्हयो," तो म्हणाला आणि खाली बसला.

टाळी एकही वाजली नाही. शाल्मलीने पुढच्या रांगेकडे पाहिलं. बाबांची खुर्ची रिकामी होती.

संध्याकाळी ते अंगणात पाठमोरे बसलेले सापडले. शर्ट बदललेला होता.

"माका आधी सांगूक व्हया होता," ते वळून न बघता म्हणाले.

"तुमचो नवो शर्ट बघून माझो धीरच झालो नाय, बाबा."

"मी जगभर सांगत फिरलंय. चेडवान दर्यो खोलयेत बांधल्यान म्हणान." ते थांबले. "लोक काय म्हणतले?"

शाल्मलीचे डोळे भरून आले. सगळ्या मांडवापुढे तिला लाज वाटली नव्हती, ती आता वाटली. मग म्हातारा म्हणाला, "दुरुस्त झाल्यार दर्यात कोण नेतलो ती इंजिना?"

"मीच."

"सगळी?"

"सगळी."

साधा मेंदू बसवलेली पहिली जेट स्की घेऊन ती जेटीवर उतरली, तेव्हा बुधाजी तिच्याआधी येऊन बसले होते, शेजारी चहाचा थर्मास. आणि त्यानंतर ते रोज आले.

चाळीस जेट स्की म्हणजे खायचं काम नव्हतं. शाल्मलीच्या तळहातांना फोड आले, ते फुटले आणि पुन्हा आले. मुखावर ती कितीदा फेकली गेली याची गणती नाही. एकदा तर वाळूवर येऊन तिने पोटातलं सगळं पाणी ओकून टाकलं आणि बाबांनी पाठीवर हात फिरवत एवढंच विचारलं, "ह्या पास काय?" खोलीतला दर्या तिने बंद केला नाही. काय मोडेल, कुठे मोडेल हे त्याच्याइतकं लवकर कोणी सांगत नव्हतं. पण शेवटचा शब्द आता पाण्याचा होता. तीन इंजिनं तिने मुखावरून परत पाठवली, तीही कंपनीने निमूट परत घेतली. गावातली पोरंटोरं जेटीवर बसून बघायची आणि ती लाटेतून बाहेर आली की शिट्ट्या मारायची. तिला ते आवडत नसल्यासारखं ती दाखवायची.

भाद्रपद संपता संपता, आकाश स्वच्छ असताना, तासाभरात वादळ चढलं. मासे घेऊन परत येणारी एक होडी मुखावरच उलटली. पाच खलाशी. यतीन पाण्यात शिरला तेव्हा अर्धं गाव जेटीवर जमलं होतं. शाल्मली बाबांशेजारी उभी होती.

पहिल्या फेरीत त्याने दोघांना आणलं. दुसऱ्या फेरीला निघाला तेव्हा वाऱ्यावरून इंजिनाचा आवाज शाल्मलीच्या कानावर आला आणि तिने डोळे मिटले. किंचाळण्याखाली एक बारीक टकटक होती. आतला दट्ट्या तापून सिलिंडरला घासत होता. आता लाल दिवा लागला असणार. मागे फिरायचं की नाही ते यतीनने ठरवायचं होतं, आणि तो काय ठरवील ते तिला ठाऊक होतं. तिने देवाकडे इंजिनाचं आयुष्य मागितलं नाही. ते थोडंच उरलं होतं. ते असेपर्यंत पूर्ण असू दे, एवढंच मागितलं.

तिघांनाही तराफ्यावर घेऊन यतीन परत निघाला. मागून भिंतीएवढी लाट उठली. जेट स्की आधीच्या लाटेवरून उडाली, आपटली, आणि यतीनने मूठ आवळली. दणका जेटीपर्यंत ऐकू आला. आवंढा नाही, हातचं राखणं नाही. ती गोळीसारखी सुटली, लाट तिच्या मागे कोसळली, आणि जेट स्की तशीच सुसाट येऊन वाळूवर चढली. तिथे एक मोठा खडखडाट झाला आणि इंजिन कायमचं बंद पडलं. तिघं खलाशी वाळूवर पालथे पडून खोकत होते. तो खोकला ऐकून जेटीवरच्या बायका रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून इंजिन सड्यावर आलं. शाल्मलीने ते उघडलं. दट्ट्याचा माथा मेणासारखा वितळला होता, दांडा वाकून सिलिंडरमधून बाहेर आला होता. वाचवण्यासारखा एक बोल्टसुद्धा नव्हता. पास्कल तोंड पाडून बाजूला उभा होता. नाबर साहेब आले, वाकून बघून गेले आणि जाताना तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकवून गेले.

मग दारात बुधाजी तांडेल दिसले. इतकी वर्षं ज्या खोलीविषयी जगाला सांगत होते, त्या खोलीत ते पहिल्यांदाच आले होते. पिंपाकडे, पडद्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ टेबलाशी येऊन त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. वितळलेल्या धातूवरून त्यांचा जाड अंगठा सावकाश फिरला.

"ह्येना काय्येक राखून ठेवल्यान नाय," ते म्हणाले.

"नाय, बाबा."

पास्कलने विचारलं, "मॅडम, ह्या भंगारात घालू?" शाल्मलीने नकारार्थी मान हलवली. तिने सही केलेल्यांपैकी हे पहिलंच मेलेलं इंजिन होतं, आणि आपल्या हातून गेलेल्या कुठल्याही इंजिनाचा तिला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.